कफालत शाळेच्या दारापर्यंत

पवित्र कुरआनात अनाथांचा उल्लेख वीसहून अधिक वेळा आला आहे. त्यांपैकी सूरह अल-फज्रमधील उल्लेख विशेष लक्ष देऊन वाचावा. मक्केतील सुखवस्तू लोकांवर तेथे जो ठपका ठेवला आहे, त्याचा क्रम असा आहे : प्रथम, तुम्ही अनाथाचा सन्मान करीत नाही, त्यानंतर, गरिबाला जेवू घालण्यासाठी तुम्ही एकमेकांना प्रवृत्त करीत नाही. अनाथाच्या संदर्भात अल्लाहने पहिला प्रश्न सन्मानाचा, म्हणजे 'इकराम'चा विचारला आहे. अन्नाचा विषय त्यानंतर येतो.

वाचकहो, हा क्रम आपल्या घरांना लावून पाहावा. आपल्या समाजात कोणाचा भाऊ वारला, बहीण वारली, तर तिची मुले उघड्यावर पडत नाहीत. चाचा, मामू, खाला, नानी यांपैकी कोणीतरी त्यांना जवळ करते. ताटात अन्न येते, ईदला नवे कपडे येतात. ही आपली जमेची बाजू आहे. परंतु तेच मूल जून महिन्यात कोणत्या शाळेत जाते, कोणत्या इयत्तेत बसते, पालकसभेला त्याच्यासाठी कोण हजर राहते, आणि आठवीनंतर त्याचे काय होते, हे विचारले की उत्तरे अडखळू लागतात. खर्चाला कात्री लावण्याची वेळ आली की ती सर्वप्रथम त्याच मुलाच्या शिक्षणाला लागते. मुलगा असेल तर गॅरेजवर किंवा दुकानात, मुलगी असेल तर स्वयंपाकघरात. ज्याने भाकर दिली त्याने कफालत पूर्ण केली, अशी एक सोयीची समजूत यामागे आहे. या लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

कफालत म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे. अनाथाचा कफील आणि मी जन्नतमध्ये असे जवळ असू, असे सांगून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तर्जनी व मधले बोट दाखवले, ही ह. सहल बिन सअद (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे. सहीह मुस्लिममधील रिवायतीत आणखी एक तपशील आहे : तो अनाथ आपल्या नात्यातला असो वा परका असो. 'कफील' हा शब्द जामिनदारासाठीही वापरला जातो. ज्याने एखाद्याची हमी घेतली, तो त्या व्यक्तीच्या केवळ आजच्या जेवणाबद्दल नव्हे, तर पुढील निभावणीबद्दलही उत्तरदायी असतो. आजच्या काळात निरक्षर किंवा अर्धशिक्षित राहिलेल्या माणसाची निभावणी कशी होते, हे आपण जाणतो.

त्याच वेळी, कफालत म्हणजे दत्तक नव्हे. ह. जैद बिन हारिसा (रजि.) प्रेषितांच्या (स.) घरी पुत्रवत वाढले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले होते. सूरह अल-अहजाबमधील चौथी व पाचवी आयत अवतरली तेव्हा पोसलेल्या मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्याच्याच नावाने संबोधावे असा आदेश झाला, आणि ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. प्रेम कमी झाले नाही; नाव मात्र खरे राहिले.

हा आदेश शाळेच्या प्रवेश अर्जापर्यंत येऊन पोहोचतो. अनेक घरांत मायेपोटी, किंवा 'मुलाला कोणी बाप नाही म्हणू नये' म्हणून, वडिलांच्या रकान्यात चाचाचे नाव लिहिले जाते. शरीअतच्या दृष्टीने ते गैर आहे, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही त्याचा त्रास मुलालाच होतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नाव चढते तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते. जन्मदाखल्यावर एक पिता, शाळेच्या दाखल्यावर दुसरा, अशी स्थिती झाली की दहावीचा अर्ज, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, वारसाहक्क अशा प्रत्येक ठिकाणी ते मूल खुलासे देत फिरते. पुढे दुरुस्ती करणे फार जिकिरीचे असते. म्हणून वडिलांच्या जागी मरहूम वडिलांचेच नाव लिहावे, आईच्या जागी आईचे, आणि पालकाच्या जागी स्वतःचे. सोबत जन्मदाखला, आईवडिलांचे मृत्यूदाखले आणि आधारकार्ड यांच्या प्रती एका पिशवीत जपून ठेवाव्यात. दफनविधी आटोपल्यावर मृत्यूदाखला काढण्याची आठवण घरात कोणालाच राहत नाही, आणि तीन वर्षांनी शिष्यवृत्तीच्या अर्जावेळी धावपळ सुरू होते. ही गोष्ट वेळीच उरकणे हेसुद्धा त्या अनाथाच्या कफालतीचे काम आहे.

आता प्रेषितांच्या (स.) जीवनाकडे पाहू. पिता जन्मापूर्वीच निवर्तले, सहाव्या वर्षी माता आमिना यांचे अबवा येथे निधन झाले, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले आणि त्यानंतर काका अबू तालिब यांनी त्यांना सांभाळले. बालपणी इतक्या वेळा घर बदललेल्या मुलाच्या मनात काय असते, हे त्यांना कोणाकडून ऐकावे लागले नाही. सूरह अद-दुहामध्ये अल्लाहने याच अनुभवाची आठवण देऊन अनाथाला दडपू नका असे फर्मावले आहे.

त्यांच्या स्वतःच्या घरात वाढलेल्या मुलांपैकी एक होते ह. उमर बिन अबी सलमा (रजि.). त्यांचे वडील अबू सलमा वारले, आणि माता उम्मे सलमा (रजि.) यांचा निकाह प्रेषितांशी (स.) झाला. जेवताना या मुलाचा हात सगळ्या ताटात फिरत असे. प्रेषितांनी (स.) त्यांना तीन गोष्टी सांगितल्या : अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने जेव, आणि आपल्या समोरचे खा. बस, एवढेच. तुझ्या आईने हेच शिकवले का, असा टोमणा नाही. चारचौघांत पाणउतारा नाही. उमर बिन अबी सलमा (रजि.) मोठेपणी ही घटना स्वतःच सांगतात, आणि तेव्हापासून आपली जेवण्याची रीत तीच राहिली असेही सांगतात. परक्या घरातून आलेल्या मुलाला कसे शिकवावे, याचा संपूर्ण पाठ या एका प्रसंगात आहे : चूक थोडक्यात सांगणे, योग्य कृती स्पष्ट शब्दांत दाखवणे आणि त्याला ताटावरून न उठवणे. गृहपाठ घेताना आपण यातले किती पाळतो, हे प्रत्येकाने आपल्या घरी पाहावे.

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम बांधव शाफई मसलकाचे आहेत. ज्यांच्या नावाने हा मसलक ओळखला जातो ते इमाम शाफई (रह.) अनाथ होते, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. हिजरी सन १५० मध्ये त्यांचा जन्म झाला. पिता ते लहान असतानाच वारले. आईने त्यांना मक्केला आणले. मुअल्लिमला द्यायला तिच्याजवळ काही नव्हते. तेव्हा मुअल्लिम बाहेर गेला की या मुलाने इतर मुलांचा अभ्यास घ्यावा, एवढ्यावर त्याने समाधान मानले. पुढे हदीस लिहून घेण्यासाठी कागद नसे. मग हाडांवर लिहायचे. सरकारी कचेरीत जाऊन एका बाजूने वापरलेले कागद मागून आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायचे. इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांचेही पिता ते लहान असतानाच निवर्तले होते आणि आईनेच त्यांना वाढवले. या मातांनी 'आधी कमावून आण' असे म्हटले असते तर फिकहचा इतिहास वेगळा झाला असता. मात्र येथे मातेइतकाच तो अनाम मुअल्लिमही मला महत्त्वाचा वाटतो. त्याने फी माफ केली, पण मुलाला फुकट्या ठरवले नाही; त्याच्याकडे एक सन्मानाचे काम सोपवले. आपल्या शिकवणी चालवणाऱ्या बंधुभगिनींनी ही युक्ती जरूर ध्यानात घ्यावी.

शाळा बदलताना

अनाथ मुलाच्या शिक्षणाला पहिला धक्का बसतो तो शाळा बदलण्याने. समजा, मालेगाव किंवा भिवंडीच्या उर्दू शाळेत पाचवीत शिकणारी मुलगी ऑक्टोबरमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या गावी मामूकडे आली. गावात मराठी शाळा आहे. घरात बोलली जाणारी भाषा तिला कळते, पण पाटीवरची भाषा नवी आहे. गणिताच्या तासाला गुरुजी अपूर्णांक म्हणतात. तिने तोच भाग 'कसर' या नावाने शिकलेला आहे. त्रिकोण तिला 'मुसल्लस' म्हणून ठाऊक आहे. तिला गणित येते, शब्द येत नाही. पण पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी चार गुण पडतात आणि 'मुलगी कच्ची आहे' असा शिक्का बसतो. मग कोणीतरी सल्ला देतो : दोन वर्गांनी मागे बसवा. दोन वर्षांनी लहान मुलांत बसवलेली मुलगी लाजेने गप्प होते, आणि काही काळाने शाळेत जायचे नाही म्हणते.

हे टाळता येते, आणि कायदा येथे आपल्या बाजूला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा आणि वर्गाच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे. मागील शाळेचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा हाताशी नाही, या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना सतराव्या कलमाने मनाई केली आहे. मुख्याध्यापकांपुढे आवाज चढवण्याची गरज नाही. या तरतुदी आपल्याला माहीत आहेत एवढे त्यांना नम्रपणे कळले तरी बहुतेक ठिकाणी काम होते.

घरच्या पातळीवर उपाय साधा आहे. एका वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. एकात उर्दू संज्ञा, दुसऱ्यात मराठी. गणित आणि विज्ञानाच्या चालू धड्यांपुरत्या संज्ञा लिहून रोज पाचदहा पाठ करून घ्याव्यात. हे काम घरातील आठवी-नववीतले मूल सहज करू शकते, आणि त्यात त्या दोघांची मैत्रीही होते. मधल्या काळात कोणते धडे सुटले, याची यादी जुन्या व नव्या शाळेच्या शिक्षकांना विचारून करावी. मूल 'सगळ्यात' कच्चे नसते. बहुधा एखाद-दोन दुवे तुटलेले असतात. भागाकार शिकवला गेला त्या महिन्यात ते मूल रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसलेले असेल, हे आपल्या लक्षातच येत नाही.

दुसरी गोष्ट दुःखाची. आईवडील गमावलेले मूल रडेलच असे नाही. कोणी अतिशय शहाणे होते, कोणी भांडखोर होते, कोणी फळ्याकडे पाहत बसते आणि त्याला काहीच ऐकू येत नाही. कोणी डब्यातली अर्धी पोळी दप्तरात लपवून ठेवते. याला बदतमीजी किंवा ढपणा म्हणू नये. वर्गशिक्षकांना एकदा एकांतात भेटून परिस्थिती सांगावी. साऱ्या वर्गासमोर मात्र नाही. 'माझे बाबा' या विषयावर निबंध लिहायला सांगितला जाईल, त्या दिवशी काय करायचे हे शिक्षकांशी आधीच बोलून ठेवावे. मुलाची इच्छा असेल तर मरहूम वडिलांवर लिहू द्यावे, नसेल तर आजोबांवर. अनेक महिने उलटूनही मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळेचे नाव काढताच थरथरत असेल, तर वैद्यकीय किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. केवळ दम करून घेण्यावर थांबू नये, उपचार करण्याची शिकवण स्वतः प्रेषितांनी (स.) दिलेली आहे. संकटात सापडलेल्या बालकांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

घरात अभ्यासाची एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असावी. मगरिबनंतरचा तासभर बहुतेक घरांत सोयीचा पडतो; मदरशाची वेळ आणि शिकवणीची वेळ एकमेकींवर येत नाही ना, हे पाहावे. जागा लहान असली तरी चालेल, पण ती त्या मुलाची असावी. आपल्या मुलाला टेबल आणि अनाथाला चटई, असा भेद करू नये. गुणांची तुलना तर मुळीच करू नये. 'आमच्या सलमाला नव्वद आणि तुला पंचेचाळीस' हे वाक्य पोटच्या मुलाला टोचते. परक्या घरी आलेल्या मुलाला ते 'तू इथला नाहीस' असे ऐकू येते.

मुलींविषयी थोडे स्पष्ट लिहावे लागेल. चाचीच्या हाताखाली काम करणारी भाची ही अनेक घरांची सोय झालेली आहे. पहाटे पाणी, संध्याकाळी भांडी, लहान भावंडांना सांभाळणे, आणि मग 'तिला अभ्यासात गोडीच नाही' अशी तक्रार. घरकाम सर्व मुलांनी करावे, मुलांनीही. पण एकाच मुलीच्या वाट्याला ते येत असेल आणि ती मुलगी नेमकी अनाथ असेल, तर सूरह अल-माऊनमध्ये अनाथाला धक्का देणाऱ्याचे जे चित्र आहे ते आपल्यापासून किती दूर आहे, हे तपासावे. 'परक्याची अमानत लवकर उजवून टाकावी' म्हणून सोळाव्या वर्षी निकाह लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अमानतीचा तो अर्थही नव्हे.

पैशाचा हिशेब

अनाथाच्या संपत्तीबाबत सूरह अन-निसाच्या आरंभीच्या आयती इतक्या कठोर आहेत की त्या ऐकून सहाबांनी आपापल्या घरातील अनाथांचे अन्नही वेगळे काढले. उरलेले अन्न वाया जाऊ लागले. तेव्हा सूरह अल-बकराची २२० वी आयत अवतरली : त्यांचे हित साधणे उत्तम, आणि त्यांना आपल्यात मिसळून घेतले तर ते तुमचे भाऊच आहेत. म्हणजे रोजच्या डाळभाताचा हिशेब मांडत बसू नये. पण मरहूम वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, विम्याची रक्कम, नुकसानभरपाई, आईचे दागिने यांचा हिशेब मात्र पैशापैशाचा हवा. मुलाच्या नावे बँकेत खाते काढावे आणि मोठी रक्कम त्यात राहू द्यावी. त्याच्या शिक्षणावर त्यातून रास्त खर्च करता येतो. पालक संपन्न असेल तर त्याने स्वतःसाठी काही घेऊ नये, गरीब असेल तर रिवाजाप्रमाणे माफक घ्यावे, हे सूरह अन-निसाच्या सहाव्या आयतीत स्पष्ट आहे.

शासनाच्या मदतीचेही तसेच. महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अनाथ, एक पालक गमावलेल्या व निराधार अशा अठरा वर्षांखालील मुलांसाठी आहे. २०२३ मध्ये तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्जासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात चौकशी करावी. दोन्ही पालक गमावलेल्यांना अनाथ प्रमाणपत्र मिळते, आणि राज्यात शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे. प्रमाणपत्र दहावी-बारावीची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे. हा पैसा मुलाचा आहे, घराचा नव्हे.

नात्याबाहेरचे मूल सांभाळण्याची इच्छा असणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. असे मूल परस्पर घरी आणता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार जिल्ह्याची बालकल्याण समिती मुलाला पालक-कुटुंबाकडे सोपवते, आणि शिक्षण, आरोग्य व पोषण ही त्या कुटुंबाची जबाबदारी ठरते. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे असेही त्यात आहे. या व्यवस्थेत मुलाचे कूळ बदलत नाही, नाव बदलत नाही. दत्तकविधानाला शरीअतच्या कारणाने नकार देणाऱ्या मुस्लिम कुटुंबांना ही वाट कफालतीच्या किती जवळची आहे, याची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही, ती व्हावी.

जाता जाता समाजातील संस्थांना एक विनंती. वर्षारंभी अनाथ मुलांना रांगेत उभे करून, हातात दप्तर देऊन छायाचित्रे काढण्याची प्रथा बंद करावी. दुसऱ्या दिवशी वर्गातील प्रत्येक मूल ते चित्र कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर पाहते. उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने दान व्यर्थ जाते, हे सूरह अल-बकरामध्ये बजावले आहे. सूरह अल-कहफमध्ये ह. मूसा (अ.) यांच्या सोबत्याने ज्या गावाने जेवणही नाकारले त्या गावातील कोसळती भिंत मजुरी न घेता उभी केली, कारण तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता आणि ती वयात येईपर्यंत तो सुरक्षित राहायला हवा होता. त्या मुलांना भिंत कोणी बांधली हे कळलेही नसेल. दप्तर, फी, प्रवासभाडे हे सारे शाळेमार्फत किंवा पालकामार्फत मुकाट्याने पोहोचवता येते.

सूरह अन-निसाच्या त्याच सहाव्या आयतीत अनाथांना वयात येईपर्यंत पारखत राहण्याची आज्ञा आहे. त्यांच्यात 'रुश्द', म्हणजे व्यवहाराची समज दिसली की त्यांची संपत्ती त्यांच्या हाती द्यावयाची आहे. ही पारख अठराव्या वाढदिवशी एकदम होत नसते. सातवी-आठवीपासून मुलाला बँकेत सोबत न्यावे, स्वतःच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरू द्यावा, वह्यापुस्तकांचा खर्च त्यालाच लिहू द्यावा. शेवटी सुपूर्द करण्याचा दिवस येईल, तेव्हा पासबुक, खर्चाची वही, दाखले आणि प्रमाणपत्रे यांची ती पिशवी त्याच्या हाती द्यावी. आणि आयतीत सांगितल्याप्रमाणे त्या वेळी साक्षीदार बोलवावेत.